डाव्या चाकाचे नट

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी माझ्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकड्यावर मांडी घालून विडी ओढत बसले होते. मी गाडी उभी केली, खाली उतरलो, तर मलाच म्हणाले, "घराक कोण कोण असा?"

मी म्हटलं, "मिस्त्री, ब्रेक लागत नाही गाडीचा."

"ता माका कळला. नाक्यापासून हयसर येताना तू तीनदा पाय मारलंस. घराक कोण असा, ता सांग."

मी वैतागलो. मालकांनी बारापर्यंत गाडी परत मागितली होती आणि हा माणूस सोयरीक जुळवायला बसल्यासारखा चौकशा करतोय. तरी सांगितलं, आई आहे, बायको आहे, मुलगा आहे, मुलगी आहे.

"चार झाली. पाचवो कोण?"

"पाचवं कोणी नाही."

"मगे तू खंय ऱ्हवतंस? गाडयेत?"

अशी आमची ओळख झाली. मी तेव्हा गिरगावातल्या एका छापखान्याची पिकअप चालवायचो. लढाईत आलेली अमेरिकन गाडी, लढाई संपल्यावर लिलावात निघाली, ती आमच्या मालकांनी घेतली. कागदाची रिमं आणायची, छापलेला माल पोचवायचा, हे माझं काम. गाडी तब्येतीने दणकट, पण थांबायच्या बाबतीत हट्टी. आणि गाडी थांबत नसेल तर जायचं कुठे, तर घोडपदेवला, असं मुंबईतला कुठलाही डायव्हर सांगायचा. गिरणीच्या मागच्या भिंतीला टेकून चार पत्रे उभे केलेले, त्याला गॅरेज म्हणायचं. पाटी नव्हती. मिस्त्री पुढच्या चाकांचं आणि ब्रेकचं काम करायचे, बाकी कशाला हात लावायचे नाहीत. बॉनेट उघडायला सांगितलं तर शिवी दिल्यासारखे बघायचे. "इंजिनाक शंभर मिस्त्री असत," म्हणायचे. "गाडी जाता इंजिनान, पण घराक येता ब्रेकान."

तर ते पाच जणांचं. आमच्या पिकअपच्या पुढच्या चाकाला नट पाच. मिस्त्री एकेक नट आवळताना डायव्हरच्या घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचे. "ह्यो आयशीचो," की पाना ओढला. "ह्यो बायलेचो," की पाना ओढला. पाच झाले की पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा विचारलं, हा कुठला मंत्र? तर म्हणाले, "मंत्र खयचो? नट आवळताना माणसाचा मन बाजारात फिरता. तुझ्या चेडवाचा, पोरीचा नाव घेतलंय की फिरणा नाय."

दादरच्या पारशी कॉलनीतले एक बावाजी यायचे. जुनी मोटार, एकटा जीव. घरी कोण कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मेरा कोई नहीं, मिस्त्री." मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "नट पाच हैं," म्हणाले, "मैं किसके लिए आवळूं?" बावाजी विचारात पडले. आधी त्यांचा स्वयंपाकी निघाला. मग दूधवाला. मग वारलेली बहीण निघाली, पण तिला मिस्त्रींनी नकार दिला, जिवंत माणूस सांगा म्हणाले. स्वतः बावाजी धरून तीन झाले. चौथा त्यांचा शाळेतला एक मित्र, जो कराचीला राहिला होता. पाचव्यासाठी अर्धा तास गेला. शेवटी खालच्या आवाजात ते म्हणाले की समोरच्या गॅलरीत रोज संध्याकाळी एक बाई उभी असते. तिचं नाव? नाव माहीत नव्हतं. कधी बोललेच नव्हते. मिस्त्रींनी गंभीरपणे "ह्यो गॅलरीवालीचो" म्हणून नट आवळला. पुढे बावाजी त्या बाईंशी बोलले की नाही, देव जाणे. पण गाडीला काही झालेलं नसतानाही दर महिन्याला येऊन बाकड्यावर बसायचे.

दुसरी तऱ्हा माशांची. ड्रमच्या आतल्या लायनरला, म्हणजे ब्रेक दाबला की चाक धरणाऱ्या पट्टीला, तेलाचा थेंब लागला तर ब्रेक घसरतो, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण बांगड्याचं तेल धुतल्या हातावरही चार तास राहतं, हा शोध एकट्या मिस्त्रींचा. मालवणकडचा माणूस, सोमवार पाळताना कुरकुर करायचा, पण ड्रम उघडायचा असला की सकाळी उठल्यापासून डाळभात. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. ती एकदा मला म्हणाली, "देवाक भियत नायत हे, त्या लायनराक भियतत."

ड्रम नवा असो की जुना, आधी तो दोरीला टांगायचा, बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान लावायचा. घंटेसारखा वाजला तर खरा. भद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. "ह्येका पडसा झाला," म्हणून तो बाजूला जायचा.

आणि सगळ्यात शेवटी ती रेघ. काम पुरं झालं की गिरणीच्या भिंतीकडच्या रस्त्यावर खडूने आडवी रेघ मारायची, त्या रेघेवर स्वतः उभं राहायचं, येणाऱ्या गाडीकडे पाठ करून, आणि डायव्हरला सांगायचं, ये. पाठ का, तर म्हणे, "तोंड करून उभो ऱ्हवलंय तर तू माका बघून थांबतलंस. माका ब्रेक बघूचो असा, तुझी माया नाय." पहिल्या वेळी मी दहा हात अलीकडेच थांबलो. मागे वळून न बघता म्हणाले, "रेघेर ये. भियेलो डायवर आणि सैल ब्रेक, दोनय सारकेच." त्यांच्या सदऱ्याला बंपर लागेल इतकी गाडी जवळ आणायला लागायची. गाडी थांबल्यावरही मी ब्रेकवरचा पाय काढायचो नाही. ते मात्र रेघ पायाने पुसून विडी पेटवायचे.

मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. होता तो एक धाकटा भाऊ, बाबू. दोघांत पंधरा वर्षांचं अंतर. आईबाप लवकर गेले, मिस्त्रींनीच त्याला गावाहून आणून वाढवलं, लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर लावलं. तो विणकर झाला आणि गळा चांगला म्हणून कलापथकात पोवाडेही म्हणायला लागला. मिस्त्रींकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. असती तर पाचातले तीन नट त्यांनी बाबूच्या नावाने आवळले असते. आठ तास साच्यापुढे उभा राहून हा पोरगा रात्री पुन्हा पोवाड्याला उभा राहतो, याचं त्यांना भारी कौतुक. "बाबू कदी पोटरी दुखली म्हणून बोललो नाय," असं माझ्यासारख्या परक्याला सांगायचे. बाबूसमोर मात्र त्याच्या केसांवरून, चहावरून, सगळ्यावरून बोलणी द्यायचे. बाबू हसून सोडून द्यायचा. दादा म्हणजे त्याचं सगळं होतं.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरणगावात तेव्हा घरात बसलेला माणूस शोधून सापडला नसता. आमचे मालक दिवसा लग्नपत्रिका छापायचे आणि उरलेल्या वेळात सभांची पत्रकं, आणि रविवारी पिकअप कलापथकाला द्यायचे. मागे पेटीवाला, ढोलकीवाला, बॅटरी, टपावर कर्णा. बाबू डाव्या फूटबोर्डवर उभा राहून एका हाताने दार धरायचा आणि दुसऱ्या हातात माइक. मुंबई कोणाची, असं विचारत आम्ही जायचो आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून उत्तर यायचं. काय दिवस होते ते. मिस्त्री सभेला यायचे नाहीत. "मुंबई मिळतली रे," म्हणायचे, "पण ब्रेक कोण बघतलो?"

सभेला न जाणारा हा माणूस ग्रीसचा डबा आणायला म्हणून लालबागच्या नाक्यावर गेला आणि नेमका लाठीमारात सापडला. समोरच्या पोलिसाला म्हणाले, "बाबा, मारूचा असात तर डाव्यार मार. उजवो कामाचो असा." पोलीस मराठीच होता. पण त्या गर्दीत कोण कोणाचं ऐकतो? टोला उजव्याच मनगटावर बसला. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं. मिस्त्रींच्या हाताखाली कोणी टिकायचंच नाही.

त्याच दिवसांत माझ्या पिकअपचे पुढचे ड्रम गेले. आतून इतक्या खाचा पडल्या होत्या की ब्रेक मारला की गाडी डाव्या अंगाला ओढायची. ड्रम ज्यावर बसतो, ते चाकाच्या मधले हबसुद्धा झिजले होते, बेअरिंग आत डुलायचं. मिस्त्री म्हणाले, दोन्ही बाजूंचे हब आणि दोन्ही ड्रम एकदम बदलायचे. एक नवा एक जुना, हे त्यांना चालायचं नाही. "एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, असो चलतंस काय तू?"

त्या गाडीचे नवे भाग कुठे मिळायचे? जुन्या सामानाच्या गल्लीत जाऊन ढिगातून शोधायचे. एरवी मिस्त्री स्वतः जायचे. या वेळी मला पाठवलं आणि चारचारदा सांगितलं, "एक डावो, एक उजवो. डाव्याचे आटे उलटे. नट बोटान फिरवून बघ, मगेच घे."

हे उलट्या आट्यांचं सांगायला पाहिजे. त्या गाडीचा उजव्या चाकाचा नट सगळ्या जगाच्या नटासारखा, सरळ फिरवून आवळायचा. डाव्या चाकाचा मात्र उलटा फिरवून. कारण गाडी पुढे धावताना डावं चाक ज्या बाजूला फिरतं, त्याने सरळ आट्यांचा नट हळूहळू सुटत जातो. म्हणून कंपनीने डावीकडच्या हबला उलट्या आट्यांचे स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते दांडे, दिलेले. डायव्हर म्हणून मला हे पक्कं ठाऊक होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

ड्रम मी नीट पारखून घेतले. मिस्त्रींसारखे वाजवून बघितले, दुकानदार हसला तरी. हब बघायची वेळ आली तेव्हा दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मला कंटाळा आला. मापाला बसणारे दोन हब, त्यांच्या नटांसकट, वरवर बघून उचलले. नट फिरवून बघितले नाहीत.

काम रविवारी दुपारी काढलं, कारण सहाला डिलाईल रोडला सभा होती. मी काम करायचं आणि मिस्त्रींनी बाकड्यावरून सांगायचं, असं ठरलं. बांधलेला हात छातीशी धरून ते बसले होते आणि मी बेअरिंगमध्ये तळहाताने ग्रीस दाबत होतो. दर दोन मिनिटांनी सूचना. "पुसून घे." "परत पूस." "तुझ्या घामाचो थेंब पडलो थंय." उजवं चाक झालं. नट सरळ फिरले, जसे फिरायला हवेत तसे. मग मी डाव्या बाजूला गेलो. बाकडं उजव्या बाजूला होतं, त्यामुळे मिस्त्रींना आता मी दिसत नव्हतो, नुसता आवाज जात होता.

हब बसवला, ड्रम चढवला, चाक लावलं आणि पहिला नट बोटाने फिरवला. तो सरळ फिरला.

मला तिथेच कळलं की मी दोन्ही हब उजवेच आणलेत. पाच वाजून गेले होते. कलापथकाची मंडळी मागे चढून बसली होती, ढोलकीवाला ढोलकी लावत होता, बाबू फूटबोर्डवर पाय ठेवून उभा होता आणि मला म्हणत होता, आटप रे, लोक जमले असतील. दुसरा हब उद्याशिवाय मिळणार नव्हता. सभेला गाडी जाणार नाही, आणि ती का जाणार नाही हे या सगळ्यांपुढे सांगायचं, म्हणजे मी नट फिरवून बघितले नाहीत हे सांगायचं. मिस्त्रींनी चारचारदा बजावूनसुद्धा.

पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला. "डायवर, डावो उलटो फिरता मा?"

मी म्हणालो, "होय."

एवढंच. मिस्त्रींनी पलीकडून नावं घ्यायला सुरुवात केली आणि मी आवळू लागलो. आईचा, बायकोचा, मुलाचा, मुलीचा. "पाचवो आज माझ्या बाबूचो," ते म्हणाले. "त्या अंगाक तोच उभो असा." मी अंगातली सगळी ताकद लावून तो नट आवळला. मनात म्हणत होतो, कितीतरी गाड्यांना दोन्हीकडे सरळच आटे असतात, त्या काय चाकं टाकत फिरतात? सभा करून परत येऊ, उद्या सकाळी मी स्वतः हब बदलून आणीन, कोणाला कळणारसुद्धा नाही.

मग मिस्त्रींनी डाव्या हाताने वाकडीतिकडी रेघ मारली आणि पाठ करून उभे राहिले. गाडी त्यांच्या सदऱ्यापाशी अशी अलगद थांबली की मागची मंडळी वाहवा म्हणाली. ब्रेकला तोड नव्हती. मिस्त्रींनी वळून बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "जा."

लालबागहून करी रोडचा पूल चढताना स्टेअरिंग हातात जरा थरथरलं. मी म्हटलं नवे ड्रम आहेत, बसतील. पूल उतरताना डावं चाक माझ्यापुढे धावत जाताना मी पाहिलं. दोन क्षण ते कोणाचं चाक आहे हेच मला कळलं नाही. मग गाडी त्या अंगावर बसली. बाबू फूटबोर्ड आणि फुटपाथचा दगड यांच्यामध्ये सापडला. माइक त्याच्या हातातच होता आणि बॅटरी चालू होती. टपावरच्या कर्ण्यातून त्याचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जात होता, आणि ती घोषणा नव्हती. तो आवाज मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

परळच्या इस्पितळात त्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापला.

त्याला तिकडे नेल्यावर मिस्त्री पुलावर आले. कोणीतरी धावत जाऊन सांगितलं होतं. ते गाडीपाशी उकिडवे बसले. एका स्टडच्या टोकाला एक नट तेवढा अडकून राहिला होता. तो त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी फिरवला. सरळ फिरला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

ढोलकीवाल्याने विचारलं, "मिस्त्री, झालं काय हे?"

"माझो हात चुकलो."

"तुमचा हात तर बांधलेला आहे."

"बांधलेल्या हातान काम घेतलंय, तीच चूक," मिस्त्री म्हणाले आणि उठून इस्पितळाकडे चालायला लागले. मी तिथेच उभा होतो. तोंडातून शब्द फुटला नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी तो फुटू दिला नाही.

बाबू शुद्धीवर आल्यावर मिस्त्रींनी त्यालाही तेच सांगितलं, की डायव्हरने आपण सांगितलं तसंच केलं, चूक आपली. खाटेपाशी उभे राहून, सरळ त्याच्या तोंडाकडे बघत. मी वॉर्डाच्या दारात होतो. बाबूने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो भावाशी एक शब्द बोलला नाही. साचा चालवायला दोन पाय लागतात. गिरणीत परत जायचा प्रश्न नव्हता. जखम भरल्यावर कुबडी घेऊन तो बोटीने गावाला निघून गेला. धक्क्यावर दादाने यायचं नाही, असा निरोप त्याने वहिनीकडे ठेवला होता.

त्याआधी एक दिवस मी मिस्त्रींकडे गेलो होतो. म्हटलं, मी बाबूला सगळं सांगतो. ते बाकड्यावर बसले होते. "तुझा लायसन जातला," म्हणाले. "मगे पोरांक काय घालतलंस? बाबूचो पाय काय तेना परत येवचो नाय." मी म्हटलं, पण चूक माझी होती. तर म्हणाले, "चाक हयसून गेला, ह्या गॅरेजातसून. हयसून गेला ता माझा. जा तू घराक."

मी घरी गेलो. माणूस किती हलका असतो बघा, मला त्या दिवशी भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

पण खोटं एकदा बोलून भागत नाही. त्याची देखभाल करावी लागते. मिस्त्रींच्या हातून चाक निखळलं ही गोष्ट डायव्हर लोकांत पसरायला आठवडा पुरला. आणि मी, ज्याच्या गाडीचं चाक गेलं तो, पुन्हा गाडी त्यांच्याकडेच नेली असती तर लोकांनी विचारलं असतं, की याला काही भीती कशी वाटत नाही? म्हणून मी गाडी वडाळ्याच्या दुसऱ्या गॅरेजात न्यायला लागलो. तिथल्या माणसाने विचारलं, घोडपदेवच्या मिस्त्रींना सोडलं वाटतं? मी म्हणालो, "त्यांचं आता वय झालं." मी नेत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही सोडलं. पत्रे उतरले. हात बरा झाला तेव्हा त्या हातात पाना द्यायला कोणी उरलं नव्हतं. मिस्त्री चाळीच्या गॅलरीत बसून शेजारपाजारचे स्टोव्ह दुरुस्त करायला लागले. पिन बदलायची, वॉशर बदलायचा. ज्या माणसाच्या शब्दावर मुंबईतल्या गाड्या थांबायच्या, तो बायकांना स्टोव्हमध्ये किती पंप मारायचा हे सांगत बसला.

एकदा घोडपदेवच्या नाक्यावर गर्दी होती म्हणून मी गाडी हळू घेतली. मिस्त्री कडेला उभे होते, हातात कोणाचा तरी स्टोव्ह. गाडी जवळून गेली तेव्हा त्यांनी मान तिरकी केली, कान दिला. "डायवर," त्यांनी हाक मारली, "उजव्या बेअरिंगात आवाज असा. बघून घे." मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पाय दाबला. दुसऱ्या दिवशी वडाळ्याला बघितलं तर बेअरिंग खरंच गेलं होतं.

तीन वर्षं अशीच गेली. राज्य मिळणार, असं सगळे म्हणायला लागले तेव्हाच्या थंडीत मिस्त्रींच्या छातीत पाणी झालं. मी भेटायला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसवलं होतं, बोलताना दम लागत होता. "घराक सगळी बरी असत?" म्हणाले. मी म्हटलं, बरी आहेत. मग वहिनीला विचारलं, "आज बोट इली?" वहिनी म्हणाली, आली. "बाबू नाय येवक?" ती नाही म्हणाली. जिन्यात मला गाठून तिने सांगितलं की ती तीन पत्रं लिहून मोकळी झाली, बाबूचं उत्तर नाही, आणि हे रोज विचारतात. बाबू एकदा येऊन समोर बसला असता तर त्या माणसाला दुसरं काही नको होतं. आणि बाबू यायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य माझ्याकडे होतं, कोपऱ्यावर पोस्ट होतं, कार्डाला पैसेही खिशात होते. मी दोनदा पोस्टापर्यंत गेलो. दोनदा परत आलो.

आठव्या दिवशी मिस्त्री गेले.

तारेवर बाबू आला, पण दहाव्याला पोचला. बाराव्याचं जेवण झाल्यावर पंगत पांगली, तेव्हा तो गॅलरीत येऊन माझ्याशेजारी बसला. कुबडी कठड्याला टेकवली. केस पिकायला लागले होते. खाली रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "डायवर, तू थंय होतंस. दादाचो हात कदी चुकलो नाय. त्या दिसा कसो चुकलो?"

मी सांगितलं. हब मी आणला. नट मी आवळले. सरळ फिरताहेत हे मला कळलं होतं. मिस्त्रींनी विचारलं, मी होय म्हणालो. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

मला वाटलं, तो कुबडी उचलेल. उचलावी असं वाटत होतं. त्याने नुसतं विचारलं, "दादाक म्हायत होता?"

"त्याच दिवशी. पुलावरच."

"आणि माका सांगूक नाय?"

"माझं लायसन जाईल म्हणून."

बाबूने मान हलवली. आत वहिनी भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. बाबू माझ्याकडे बघत नव्हता. "तीन वर्सां," तो म्हणाला, "तीन वर्सां मी दादाक गाळयो दिलंय. गावात पडवेत बसान, रोज. आता त्यो मी खंय नेव, डायवर?"

तो उठला. त्याची पिशवी दारात होती, ती मी उचलली. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, खांद्याला अडकवली, आणि आधी कुबडी, मग पाय, असा एकेक पायरी करत तीन जिने उतरून गेला.